चेहऱ्यावरची माशी आणि गुडघ्याचे अंश: नेरूळच्या एका फिजिओथेरपी केंद्रातलं प्रकरण

नेरूळमध्ये एका सोसायटीच्या तळमजल्यावर, दुकानांच्या रांगेत हे फिजिओथेरपी केंद्र आहे. येणारे बहुतेक साठीपुढचे. सिडकोच्या जुन्या वसाहतींत घर घेतलेले निवृत्त कर्मचारी, सारसोळे-करावे गावांतली आगरी-कोळी माणसं, कोपरखैरण्याहून रिक्षाने येणारे एपीएमसी बाजारातले निवृत्त माथाडी. कुणाचा गुडघा बदललेला, कुणाचा खांदा आखडलेला, कुणाचा हात अर्धांगवायूनंतर उचलत नाही. एका खेपेत भागत नाही, म्हणून दहा सिटिंगचं पॅकेज घ्यायची पद्धत आहे आणि शक्यतो रुग्ण एकाच उपचारकाकडे राहतो.

कर्मचाऱ्यांची निवड आणि मूल्यमापन यात छोट्या संस्थांना मदत करणं हे माझं काम. केंद्राच्या संचालिकांनी मला बोलावलं ते एका निर्णयाच्या तोंडावर. मिझोरमहून आलेल्या, बंगळुरूत शिकलेल्या एका तरुण फिजिओथेरपिस्टचं प्रोबेशन संपत आलं होतं. तिला कायम करायचं की निरोप द्यायचा, हा प्रश्न होता. ओळख पटू नये म्हणून माणसांचे काही तपशील मी बदलले आहेत. घटनाक्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे.

संचालिकांनी माझ्यापुढे रुग्णांच्या अभिप्रायाचे फॉर्म ठेवले. त्यातले शेरे असे: ‘मुलगी तुसडी वाटते.’ ‘चेहऱ्यावरची माशी हलत नाही.’ ‘आपलं दुखणं तिला दुखणं वाटतच नाही.’ आणि त्याच गठ्ठ्यात: ‘अगदी शिकाऊ आहे, कॉलेजातली पोर दिसते, अनुभवी माणूस द्या.’ तिच्या कामाबद्दल, म्हणजे हात कसा आहे, व्यायाम नीट समजावते का, वेळ पाळते का, याबद्दल त्या कागदांवर जवळजवळ काहीच नव्हतं.

संचालिका वाईट स्वभावाच्या नाहीत, हे आधीच सांगते. स्वतः फिजिओथेरपिस्ट आहेत, कर्ज काढून केंद्र उभं केलेलं आहे. त्या म्हणाल्या, “माझा तिच्यावर काडीचा राग नाही. पण हा माणसांचा व्यवसाय आहे. पेशंटला आत आल्या आल्या बरं वाटलं पाहिजे.” त्यांची अडचण खरी होती. तिच्याकडे नेमून दिलेले रुग्ण पहिल्या-दुसऱ्या सिटिंगनंतर दुसरा उपचारक मागत होते. महिन्याच्या हिशेबात तिच्या नावापुढे पूर्ण झालेली पॅकेजेस कमी दिसत होती.

पहिली शंका अर्थातच भाषेची. तिचं हिंदी अडखळत होतं आणि मराठी चार शब्दांपुढे नव्हतं. काका-काकूंना तिच्याशी बोलता येत नाही म्हणून ती तुटक वाटते, असं संचालिकांचं म्हणणं. हे पटण्यासारखं होतं, म्हणूनच तपासावं लागलं. केंद्रात केरळहून आलेला एक उपचारक होता. त्याचं हिंदी बरं, पण मराठी त्यालाही येत नव्हतं आणि तोही फारसं बोलत नसे. त्याच्या फॉर्मवर ‘शांत मुलगा’ असं लिहिलेलं होतं. नवी मुंबईत मल्याळी नर्स, मल्याळी शेजारी, मल्याळी शिक्षक लोकांनी वर्षानुवर्षं पाहिले आहेत. भाषा नसली तरी तो चेहरा ओळखीचा आहे.

दुसरी तुलना मला जास्त बोलकी वाटली. तिथे एक ज्येष्ठ उपचारक आहेत, पन्नाशीचे, सातारकडचे. त्यांना हसताना मी एकदाही पाहिलं नाही. गुडघा वाकवताना रुग्ण कळवळला तरी त्यांच्या कपाळावर आठी उमटत नाही. त्यांच्याबद्दल रुग्ण म्हणतात, “सर गंभीर आहेत, पण हात सोन्यासारखा.” तोच निर्विकारपणा एका चेहऱ्यावर जाणतेपणा ठरतो आणि दुसऱ्या चेहऱ्यावर निष्ठुरपणा. वय आणि पुरुष असणं याचा वाटा त्यात आहेच, तो मी नाकारत नाही. पण बाहेरच्या खुर्च्यांवर बसून रुग्णांशी बोलत गेले तेव्हा बोलणं पुन्हा पुन्हा चेहऱ्यावरच येत होतं. एक आजी म्हणाल्या, “नाकीडोळी नीट आहे हो, पण मनात काय चाललंय ते कळत नाही.” एका काकांनी तर ती ‘नेपाळची’ असल्याचं मला खात्रीने सांगितलं.

याविषयी जे संशोधन झालं आहे त्यातला जेवढा भाग इथे कामाचा होता, तेवढाच मी संचालिकांपुढे मांडला.

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी चेहरे सेकंदाच्या एक दशांश भागापुरते दाखवायचे आणि विचारायचं: हा माणूस विश्वासू वाटतो का, कर्तबगार वाटतो का, आक्रमक वाटतो का? तेवढ्या निमिषात बांधलेलं मत आणि हवा तेवढा वेळ देऊन बांधलेलं मत जवळजवळ सारखंच निघालं. जास्त वेळ मिळाल्यावर मत फारसं बदललं नाही. लोकांची स्वतःच्या मताविषयीची खात्री तेवढी वाढली. ‘मी नीट निरखून पाहिलं आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुधा पहिल्याच मतावर पुन्हा शिक्का मारलेला असतो.

हे मत येतं कुठून? एक वाट अशी की शांत बसलेल्या चेहऱ्याच्या ठेवणीतही आपण भावना वाचतो. भुवया डोळ्यांच्या जवळ आणि खाली असतील तर माणूस रागावलेला वाटतो, ओठांचे कोपरे मुळातच खाली वळलेले असतील तर नाराज वाटतो. त्या क्षणी त्या माणसाच्या मनात काहीही नसेल, तरी हाडांच्या रचनेला आपण स्वभाव समजतो. दुसरी वाट बाळसेदार चेहऱ्याची. गोल चेहरा, लहान नाक, लहान हनुवटी दिसली की आपण निरागसपणा गृहीत धरतो, आणि त्याबरोबर कच्चेपणाही. लेस्ली झेब्रोविट्झ आणि सुझन मॅकडॉनल्ड यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या छोट्या दाव्यांच्या न्यायालयांतले निकाल तपासले होते. अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. बाळसेदार चेहऱ्याच्या प्रतिवादीवर जाणूनबुजून केलेल्या गैरकृत्याचा आरोप असेल तर तो सुटण्याची शक्यता जास्त होती. आरोप निष्काळजीपणाचा असेल तर मात्र तो दोषी ठरण्याची शक्यता जास्त. ‘मुद्दाम करणार नाही, पण चूक करेल’ असा तो समज. आमच्या गठ्ठ्यातला ‘शिकाऊ पोर’ हा शेरा मला तिथलाच वाटला.

तिसरी वाट ओळखीची, आणि या प्रकरणात तीच सगळ्यांत महत्त्वाची. आपल्या अवतीभवती जे चेहरे दिसतात त्यांची एक सरासरी मनात आपोआप तयार होते. इस्रायली आणि जपानी सहभागींवर केलेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन्हीकडच्या चेहऱ्यांचं कमी-जास्त मिश्रण करून चित्रं बनवली होती. प्रत्येक गटाला आपल्याकडच्या नेहमीच्या चेहऱ्याच्या जवळ जाणारं चित्र जास्त विश्वासू वाटलं. म्हणजे विश्वासूपणाचं माप काही अंशी पाहणाऱ्याच्या गल्लीत ठरतं.

असं असूनही सगळंच स्थानिक असतं, असं मी म्हणणार नाही. ४१ देशांतल्या ११ हजारांहून अधिक लोकांना घेऊन झालेला एक मोठा अभ्यास २०२१ साली आला. चेहरा पाहताना ‘हा भला वाटतो का’ आणि ‘हा वरचढ वाटतो का’ हे दोन प्रश्न जगभरात माणसं बऱ्यापैकी सारखेच विचारतात, असं त्यात दिसलं. पण विश्लेषणाची पद्धत बदलली की प्रदेशांमधले फरकही वर येतात. माझ्या वाचनाचा अर्थ मी असा लावते: चेहऱ्याला विचारायचे प्रश्न सगळ्या मानवजातीला सामाईक आहेत, उत्तरं मात्र त्या-त्या ठिकाणच्या सवयीतून येतात.

संचालिकांचे यजमान केंद्राचे हिशेब पाहतात, ते बैठकीला होते. ते म्हणाले, “पण आपल्याकडे सामुद्रिकशास्त्र आहे. पूर्वजांनी चेहऱ्यावरून माणूस ओळखण्याचं शास्त्र उगाच नाही केलं. मी स्वतः इतकी माणसं पारखली.” हा मुद्दा टाळून पुढे जाणं मला योग्य वाटलं नाही, कारण चेहऱ्यावरून माणूस ओळखण्याच्या शास्त्रांनी आपल्याच देशात काय केलं ते मराठी माणसाला ठाऊक असायला हवं.

युरोपात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्विस धर्मोपदेशक लाव्हाटर यांनी चेहऱ्यावरून स्वभाव सांगण्याची फॅशनच आणली. १८३१ साली ‘बीगल’ जहाजाचा कप्तान फिट्झरॉय त्याच विचाराचा होता आणि डार्विनचं नाक पाहून तो त्याला जहाजावर घ्यायला कचरला. अशा नाकाच्या माणसात पुरेसा उत्साह आणि निश्चय असेल का, अशी शंका त्याला आली. डार्विनने आत्मचरित्रात हे लिहून ठेवलं आहे. तिथे एका तरुणाची संधी हुकता हुकता राहिली. भारतात ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी आणि लांबी यांचं गुणोत्तर मोजून संपूर्ण जातींची उतरंड त्या मापावर बसवली. नाक जितकं रुंद तितकी सामाजिक पायरी खालची, असा त्यांचा दावा होता. हेच रिस्ले १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त होते, म्हणजे त्या मोजपट्टीच्या मागे सरकारी वजन होतं.

त्याला उत्तर आपल्याकडूनच गेलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरच्या १९४८ सालच्या ग्रंथात समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी मांडलेली नाकाच्या मापांचीच आकडेवारी घेतली आणि दाखवून दिलं की हे मापन शास्त्र मानायचं असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये शिकणाऱ्या इरावती कर्वे यांना कवट्यांच्या मोजमापातून युरोपीय माणसाचं वेगळेपण सापडावं अशी त्यांच्या मार्गदर्शकाची अपेक्षा होती. मापं तसं सांगत नव्हती, आणि इरावतीबाईंनी ती सांगत होती तेच लिहिलं. परदेशात, विद्यार्थिनी असताना, मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं. यजमान यावर काही बोलले नाहीत, पण नंतरच्या बैठकींत तो मुद्दा पुन्हा निघाला नाही.

आता मूळ गुंत्याकडे. त्याच्या दोन गाठी होत्या आणि दोन्ही संस्थेनेच मारल्या होत्या.

पहिली गाठ हसण्याची. तक्रारी आल्यावर संचालिकांनी तिला सांगितलं होतं, “जरा हसत जा गं.” ती हसू लागली. गुडघा बदलल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत तो वाकवणं किती दुखतं, हे ज्याने सोसलं त्यालाच कळतं. माणूस पलंगाची कड घट्ट धरून ‘आई गं’ म्हणतोय आणि समोरची मुलगी हसरा चेहरा धरून उभी. एका काकांनी रिसेप्शनवर येऊन आवाज चढवला: “मी इथे कळवळतोय आणि ती दात काढतेय!” तेही फॉर्मवर गेलं. हसू म्हणजे सगळीकडे आपुलकीच, असं नाही. ४४ संस्कृतींमध्ये केलेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही समाजांत हसऱ्या चेहऱ्याच्या माणसाला कमी हुशार समजलं गेलं, काही ठिकाणी कमी प्रामाणिकही. मासाकी युकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००७ सालच्या कामात असं दिसलं होतं की भावना ओळखताना जपानी लोक डोळ्यांवर जास्त भिस्त ठेवतात, अमेरिकी लोक तोंडावर. म्हणून नुसते ओठ ताणून ‘हसत जा’चं काम होत नाही. तिला हसायला शिकवा, असं संचालिकांनी मलाही सुचवलं होतं. मी नकार दिला. कौशल्य शिकवता येतं, वेळ पाळायला सांगता येतं. चेहरा बदलून ये, हे कुठल्याही मालकाने सांगू नये असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गाठ जास्त खोल होती आणि ती कुणाच्याच लक्षात आली नव्हती. अभिप्रायाचा फॉर्म पहिल्याच दिवशी, पॅकेजचे पैसे भरताना काउंटरवर दिला जात होता. कारण साधं: नंतर लोक भरत नाहीत. परिणाम मात्र मोठा. उपचाराचा गुण येण्याआधीच मत कागदावर उतरत होतं. त्या कागदाकडे बोट दाखवून रुग्ण दुसरा उपचारक मागत, तो मिळे. तिच्याकडे पूर्ण दहा सिटिंग करणारे रुग्ण कमी उरत, म्हणून तिचा हिशेब पडका दिसे, आणि पडका हिशेब पाहून संचालिकांना वाटे की रुग्णांचं म्हणणं बरोबरच आहे. पहिल्या नजरेतलं मत फिरून आकडा बनून समोर येत होतं, आणि आकड्यावर कुणी संशय घेत नाही.

मग आम्ही केस पेपर काढले. नावं झाकून, उपचारक कोण हेही झाकून, संचालिका आणि ते सातारचे ज्येष्ठ सर यांनी गुडघ्याचे रुग्ण तेवढे वेगळे केले. गुडघा किती वाकतो हे गोनिओमीटरने मोजून प्रत्येक सिटिंगला लिहिलेलं असतं. खुर्चीत आरामात उठबस करायची तर साधारण ९० अंशांच्या पुढे जावं लागतं. जे रुग्ण तिच्याकडे टिकले त्यांची प्रगती इतरांच्या बरोबरीची होती. शिवाय तिच्या कागदांवर घरी करायचे व्यायाम चित्रं काढून दिल्याची नोंद होती. मराठी येत नाही म्हणून ती आकृत्या काढायची. ज्येष्ठ सर कागद खाली ठेवून म्हणाले, “हे पेपर कुणाचे का असेनात, काम चोख आहे.” झाकलेलं नाव उघडलं तेव्हा संचालिका बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

रुग्णांची संख्या थोडी होती. यातून कुठला सिद्धांत निघत नाही आणि काढूही नये. पण एका माणसाची नोकरी ठरवायला हा पुरावा त्या फॉर्मपेक्षा नक्कीच चांगला होता.

तिच्याशी बोलणं सगळ्यांत शेवटी झालं. ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण तिने आपल्या चेहऱ्याचा खुलासा द्यावा अशी वेळ तिच्यावर येऊ नये. ती म्हणाली की काम करताना ती रुग्णाच्या तोंडाकडे नाही, सांध्याकडे पाहते. तिला तसंच शिकवलं आहे. शिवाय दुखतंय तेव्हा समोरच्याने चेहरा शांत ठेवला तर रुग्णाला धीर येतो, असं तिच्या घरी आजारी माणसाची सेवा करताना ती पाहत आली होती. मग तिने मला एक प्रश्न विचारला. सारसोळ्याचे एक आजोबा तिच्यावर रोज का रागावतात? भुवया आवळून, डोळे वटारून बघतात, मोठ्याने बोलतात. मी त्या आजोबांना विचारलं तर ते चकितच झाले. “रागवीन कशाला? दुखतंय ना, म्हून दात-ओठ खातो. पोर चांगली हाय.” म्हणजे चुकीचं वाचन दोन्ही बाजूंनी चाललं होतं. फरक एवढाच की आजोबांबद्दलचं तिचं मत कुठल्याही फॉर्मवर लिहिलं जात नव्हतं आणि त्यावरून आजोबांचं काही जाणार नव्हतं.

ट्रेनमध्ये, बाजारात तिला काय काय ऐकावं लागतं, तेही तिने सांगितलं. ते मी इथे मांडणार नाही. मार्च २०२० मध्ये ईशान्येकडच्या लोकांना करोनाच्या नावाने हिणवलं जाऊ लागलं तेव्हा केंद्रीय गृह मंत्रालयाला राज्यांना सूचना पाठवावी लागली होती, एवढं आठवलं तरी पुरे. वाशीला स्टेशनजवळ आसाम भवन आहे, खारघरच्या कर्करोग केंद्रात ईशान्येकडून कितीतरी रुग्ण येतात. हे चेहरे आपल्या शहरात पाहुणे नाहीत. तरी अनेकांच्या मनातल्या सरासरीत ते अजून शिरलेले नाहीत.

बदल ठरले ते असे. फॉर्म पाचव्या सिटिंगनंतर, आणि त्यात ‘कसं वाटलं’ याऐवजी ठोस प्रश्न: काय करणार ते आधी सांगितलं का, दुखलं तेव्हा थांबले का, घरचा व्यायाम दाखवला का, मागच्यापेक्षा जिना चढायला सोपं जातंय का. पहिल्या दिवशी ज्येष्ठ सर रुग्णाला तिच्याकडे स्वतः घेऊन जातात आणि तिचं शिक्षण सांगतात. तिने मराठीतली काही वाक्यं पाठ केली, त्यातलं सगळ्यांत उपयोगी पडलं ते, “काका, आता दुखेल. सहन झालं नाही तर हात वर करा, मी थांबेन.” चेहरा तोच राहिला. पण कधी थांबायचं हे रुग्णाच्या हातात आलं आणि ‘हिला काही वाटत नाही’ हा शेरा येणं जवळपास थांबलं. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून त्याचं दुखणं ओळखणारे बहुधा ते खऱ्यापेक्षा कमीच धरतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. हात वर करण्याची खूण म्हणून हसऱ्या उपचारकांच्या रुग्णांनाही हवीच होती. ती आता सगळ्यांसाठी आहे.

तिला कायम केलं. भरतीच्या जाहिरातीतली ‘प्रसन्न व्यक्तिमत्त्व’ ही अट आणि अर्जासोबत फोटो मागणं, दोन्ही गेलं.

एक मुद्दा मात्र शेवटपर्यंत वादाचा राहिला: उपचारक बदलून मागण्याचा रुग्णाचा हक्क. बाईला बाईकडूनच उपचार हवे असतील तर ते मान्य करायलाच हवं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. भाषा अजिबात कळत नसेल तर तेही मान्य. पण ‘बघूनच नको वाटतं’ म्हणणाऱ्याचं काय? संचालिकांना धंद्याची काळजी होती, आणि ती मला हसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाही. शेजारच्याच सेक्टरमध्ये दुसरी दोन केंद्रं आहेत. शेवटी नियम लिहिला तो असा की बदल मागायचा तर तीन सिटिंगनंतर, आणि कारण उपचाराशी संबंधित असावं. नियम लागू झाल्यावर एका निवृत्त गृहस्थांनी पहिल्याच दिवशी पैसे परत मागितले. संचालिकांनी ते परत केले, उपचारक बदलून दिला नाही.